पंढरीशेट आणि थांबवलेलं इंजेक्शन

पंढरीशेटच्या घरी जेवायला बसलेला माणूस आपल्या मर्जीने ताटावरून उठला, असं मोहने-आंबिवलीच्या पट्ट्यात कुणी पाहिलेलं नाही. ताटावर आडवा हात धरला तर शेट हाताच्या वर वाढतात. एकदा एका तलाठ्याच्या मनगटावर मटणाचा रस्सा सांडला, तर हात मध्ये का घातलास म्हणून बोलणी तलाठ्यालाच बसली. मुलाच्या, कमलेशच्या हळदीला त्यांनी एवढं जेवण रांधवलं की अख्खा गाव जेवून शेजारच्या गावात पातेली पाठवावी लागली. तरी शेट मांडवाच्या कोपऱ्यात उभे राहून बायकोला विचारत होते, "तुलसा, कमी तं नाय ना परला?"

बायको तुळसाबाई. गावाला लागून जी जमीन बिल्डरला गेली, तिच्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीला शेटनी बायकोचंच नाव दिलं. त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माज्या नावाची बिल्डिंग हाय, आन् पानी येतं दिवसाआड." जमिनीचे पैसे आल्यावर शेटच्या गळ्यात एक चेन आली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरी एवढी जाड की तुळसाबाई तिला बैलाची साखळी म्हणतात. पण शेटचा हा 'अजून थोडं'चा स्वभाव पैशांबरोबर आलेला नाही. त्यांचे वडील पावसाळ्यात भात लावायचे आणि उन्हाळ्यात खाडीकडच्या मिठागरांवर राबायचे. भाकरी मोजून, कालवण पाणी घालून. लहानपणी ज्याने कमी पडणं एवढं पाहिलंय, त्याला पुरेसं हा शब्दच कळत नाही. त्याला कळतो तो फक्त उरलेलं.

औषधांचंही तेच. शेटकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात घरभरच्या आजारपणातून उरलेल्या कॅप्सूल होत्या. गावात कुणी शिंकलं की शेट डबा उघडत. लाल-काळी कुणासाठी, पिवळी कुणासाठी, हे ते रंगावरून ठरवत. डॉक्टरने एक सांगितली असेल तर दोन घे, लवकर उतार पडतो, हा त्यांचा सल्ला. माणसं घ्यायची आणि बरीही व्हायची, कारण सर्दी तशीही बरी होतेच. श्रेय मात्र डब्याला जायचं.

अशा माणसाचा नातू सातव्या महिन्यातच जन्माला आला.

सूनबाई दर्शना डोंबिवलीची, बी.कॉम. झालेली, अगदी कमी बोलणारी. सासऱ्यांसमोर तर 'हो बाबा' आणि 'नको बाबा' याच्यापुढे तिची गाडी जायची नाही, आणि 'नको बाबा'चा काही उपयोग होत नसे. तिचं पाणी अचानक आधीच गेलं. तिला कल्याणच्या एका प्रसूती आणि बालरुग्णालयात नेलं आणि संध्याकाळच्या आत सिझेरियन होऊन मुलगा झाला. किलोभराहून थोडा जास्त. शेटनी काचेतून पाहिलं तेव्हा त्यांना आधी वायर दिसल्या, मग नळी दिसली आणि मग बऱ्याच वेळाने त्यांच्यामध्ये नातू दिसला. एवढा मोठा माणूस जिन्यात जाऊन बसला आणि रुमाल तोंडाला लावून रडला.

तुळसाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, "सातव्याचा जगतं. माजी आय बोलायची." हे शास्त्र नव्हतं, पण त्या घडीला शेटना तेवढंच पुरलं.

तिथल्या डॉक्टर संचिता. वयाने कमलेशएवढ्या, बोलायला शांत, आणि एकच गोष्ट तीनदा सांगायला कंटाळा न करणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. पाणी आधी गेलंय, बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे, रक्तात जंतू शिरला असण्याची शंका आहे. म्हणून अँटिबायोटिक इंजेक्शन लगेच सुरू केलंय आणि रक्त तपासायला पाठवलंय. जंतू असेल तर त्या रक्तातून तो उगवून येईल. मग पुढचं ठरवू.

शेटनी 'अँटिबायोटिक सुरू' एवढंच ऐकलं आणि त्यांना बरं वाटलं. मग ते आपल्या पद्धतीने कामाला लागले. वॉचमनला चहा, आयांना साड्या, आणि नर्सच्या टेबलावर सुकटीची मोठी पिशवी. तिथल्या मोठ्या सिस्टर ऑड्री, ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, तीस वर्षं अशीच चिमणी बाळं सांभाळणाऱ्या. त्यांनी पिशवीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "शेट, माल एक नंबर आहे. पण इथं आणायचा नाय. इथं बाळं आहेत. मला जाताना गेटवर द्या."

तिसऱ्या दिवशी डॉक्टर संचितांनी चांगली बातमी दिली. रक्तात काही उगवलेलं नाही. बाळाचा श्वास सुधारतोय, दुसऱ्या तपासण्याही ठीक आहेत. इंजेक्शन बंद करतोय.

शेटना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बंद? तीन दिवसांत?"

"हो आजोबा. आता त्याची गरज नाही."

"मॅडम, पैशांचा इचार करू नका. भारीतला असल तं भारीतला द्या."

"पैशांचा प्रश्नच नाही."

"मंग कोर्स? तुमीच लोक बोलता ना, कोर्स पुरा करा. अर्धवट सोरू नका."

हा मुद्दा बिनतोड होता असं शेटना वाटलं आणि त्यांनी आजूबाजूला पाहिलंही. डॉक्टर म्हणाल्या, "आजार असला तर कोर्स पूर्ण करायचा. इथे आजार नाही असं कळलंय. मग कोर्स कसला? हे औषध जंतू मारतं, पण चांगला-वाईट बघत नाही. बाळाच्या पोटात आईच्या दुधाबरोबर चांगले जंतू वस्तीला येत असतात, ते अन्न पचवतात, आतडं राखतात. उगाच औषध चालू ठेवलं तर ते मरतात आणि त्यांच्या जागी औषधाला न जुमानणारे हट्टी जंतू बसतात, बुरशी बसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याचा फार वाईट आजार होण्याचा धोका वाढतो. आणि उद्या खरंच गरज पडली तर हेच औषध चालत नाही."

शेटनी मान हलवली. त्यांची मान हलली म्हणजे त्यांना पटलं असं नसतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांना माहीत नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. पाव्हणे, मेव्हणे, नगरसेवकाचा भाऊ. प्रत्येकाने तेच सांगितलं: एवढंसं पोर, आणि औषध बंद? हे काय बरोबर नाही. फोन करणारा ज्या सुरात विचारतो त्याच सुरात उत्तर येतं, हे शेटच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. शेवटी कुणीतरी ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव सुचवलं. तिथे म्हणे दहा-दहा दिवस इंजेक्शन देतात, हयगय नाही. हे सांगणाऱ्याचं स्वतःचं मूल कधी तिथे नव्हतं, पण त्याने सांगितलं मोठ्या खात्रीने. शेटनी लगेच वागळे इस्टेटच्या विश्रामला फोन केला. त्याची स्वतःची अँब्युलन्स होती, आतमध्ये काचेची पेटी असलेली. "दुपारपर्यंत ये," शेट म्हणाले.

कमलेश बापापुढे बोलत नव्हता. त्यातून त्याला सर्दी झालेली, त्यामुळे बाळाजवळ जायची बंदी, आणि एक शिंक आली की ऑड्री सिस्टर लांबूनच बोट दाखवायच्या. तो एवढंच म्हणाला, "बाबा, रस्त्यात काय झालं तर? एवढंसं आहे ते."

"रस्त्यात काय होतंय! हितं ऱ्हायला तं होईल." शेटचा आवाज चढला. तो चिडलेला आवाज नव्हता, घाबरलेला होता. पण चढला की दोन्ही सारखेच वाटतात.

दर्शनाला व्हीलचेअरवरून दिवसातून दोनदा खाली आणत. ती बाळाजवळ बसायची, दूध काढून द्यायची, सिस्टरशी हळू आवाजात काहीतरी बोलायची. शेटनी तिला सांगितलं, "दर्शना, आपन पोऱ्याला ठान्याला नेतोय." तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. शेटनी तो होकार धरला.

विश्रामची अँब्युलन्स खाली येऊन उभी राहिली. शेट कागदांसाठी वर गेले, तर दारात ऑड्री सिस्टर.

"न्यायचंय तर न्या शेट, तुमचा नातू आहे. पण बाळाची छातीशी धरायची वेळ झालीय. आईला टाक्यांमुळे अजून बाळ घेऊन रेलून बसवत नाही, बाप शिंकतोय. कुणीतरी बसायला पाहिजे."

"म्हंजे काय करायचा?"

"उघड्या छातीवर बाळ घ्यायचं. अंगाला अंग. तासभर तरी. त्याने बाळाला ऊब मिळते, श्वास नीट चालतो, वजन वाढतं. प्रवासाच्या आधी तर चांगलंच."

"तुलसाला बसवा."

तुळसाबाई मागून म्हणाल्या, "माज्या छातीवर तीन पोरं मोठी झाली. आता तुमचा नंबर."

मग जे झालं ते कल्याणच्या त्या इमारतीत अजून सांगतात. शेटना साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले, मग पुन्हा धुवायला लावले, कारण पहिल्यांदा त्यांनी ते मंदिराबाहेर पाय धुतात तसे धुतले होते. अंगठ्या काढल्या. एक अंगठी निघेना, तिला तेल लावलं. शर्ट काढला. आणि मग चेन. "यानं काय होतंय?" शेट म्हणाले. "त्यात जंतू असतात आणि बाळाच्या अंगाला टोचतं," सिस्टर म्हणाल्या. तिन्ही चेन तुळसाबाईंच्या पदरात गेल्या. चेन निघाल्यावर शेटच्या गळ्यावर गोऱ्या कातडीच्या तीन पट्ट्या दिसल्या आणि दोन शिकाऊ नर्स हसू दाबत बाहेर पळाल्या.

शेट खुर्चीत मागे रेलून बसले आणि सिस्टरने बाळ आणून त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं, वायरींसकट. वरून गोधडी.

शेट ताठ झाले. श्वास घ्यायलाही घाबरले, तेव्हा सिस्टरने सांगितलं, "शेट, तुम्ही श्वास घ्या. तो तुमचं बघून घेतो." मग त्यांनी घेतला. बाळाने जरा चुळबूळ केली, एक हात उघडला आणि शेटच्या छातीवरचे पांढरे केस मुठीत धरले. धरले ते सोडलेच नाहीत. समोरच्या मशीनवरचा आकडा हळूहळू वर चढला आणि स्थिर झाला. "बघा, ऑक्सिजन," सिस्टर म्हणाल्या.

शेटनी आकड्याकडे पाहिलं, त्या मुठीकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सिस्टर, माज्या अंगावर जंतू नसतील?"

"आहेत की. भरपूर. पण घरचे आहेत. आईच्या अंगावरचे, तुमच्या अंगावरचे, दुधातले. बाळाला त्यांच्यातच वाढायचंय. ते एकदा बसले की बाहेरच्याला लवकर जागा मिळत नाही. इंजेक्शन चालू ठेवलं की तेपण मरतात. आतलं रान मोकळं. मग कुणीपण येऊन बसतो."

रान म्हटल्यावर शेटच्या डोक्यात काहीतरी हललं. पाऊस यायच्या आधी भाताचं रोप करायच्या तुकड्यावर शेण, पाला, पेंढा पसरून जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात. राब भाजला की तणाचं बी जळतं, किडा जळतो, मग त्यात भाताचं बी पेरायचं. वडिलांबरोबर त्यांनी कितीतरी वर्षं भाजला होता. पोर असताना त्यांना ती आग इतकी आवडायची की एका वर्षी रोप बोटभर वर आल्यावर त्यांनी वडिलांना विचारलं होतं, आता परत भाजूया का? वडिलांनी दिलेली कानाखाली त्यांना अजून आठवत होती.

"सिस्टर," ते म्हणाले, "राब एकदाच भाजतात."

सिस्टरना राब माहीत नव्हता. शेटनी सांगितला. छातीवर बाळ, त्यामुळे हातवारे न करता, फक्त भुवयांनी सांगितला. "रोप उगवल्यावं कोन आग लावतंय का? येडा हाय का कोन?" असं म्हणाले, आणि तो येडा कोण हे त्यांचं त्यांना कळलं. डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. पुसायला हात मोकळा नव्हता. तुळसाबाईंनी पुसलं.

खाली विश्राम अँब्युलन्सच्या पायरीवर झोपला होता. त्याला तुळसाबाईंनी उठवून परत पाठवलं, आणि रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून ऑड्री सिस्टरसाठी गेटवर ठेवलेली सुकटीची पिशवी त्याला दिली. सिस्टर हे अजून बोलून दाखवतात.

दुसऱ्या दिवशी शेटची खरी परीक्षा झाली. दुपारी बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरलं. मशीन ओरडलं, सिस्टरने पायाच्या तळव्याला हलकेच चोळलं, बाळाने श्वास घेतला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कमलेश काचेबाहेरून ओरडला, "सांगा त्यांना, इंजेक्शन चालू करा!" काल आपण केलं ते चुकलं की काय, हा विचार शेटना गिळत होता.

डॉक्टर संचितांनी बाळाला तपासलं, पुन्हा रक्त घेतलं, पोट दाबून पाहिलं. मग बाहेर आल्या. "जंतूची लक्षणं दिसत नाहीत. पण रक्त पुन्हा बघतोय, आणि तसं काही निघालं तर मी एक मिनिट न थांबता औषध सुरू करीन. हे मला मेंदू अजून कच्चा असल्याचं वाटतंय. अशी बाळं श्वास विसरतात. त्याचं औषध वेगळं आहे, कॅफिन. ते चालू आहे, त्याचा डोस थोडा वाढवतोय."

"क्याफिन म्हंजे?"

"कॉफीत असतं ते."

शेटनी काचेतून नातवाकडे पाहिलं. मग कमलेशकडे वळून म्हणाले, "थांब. मॅडमला बघूंदे." आयुष्यात त्यांनी 'थांब' हा शब्द बहुधा पहिल्यांदाच चांगल्या अर्थाने वापरला. रक्त याही वेळी स्वच्छ निघालं. बाळ हळूहळू श्वास घ्यायला शिकलं आणि गावभर बातमी झाली की पंढरीशेटच्या नातवाला कल्याणला कॉफी पाजतायत.

आता माणूस बदलतो म्हणजे किती बदलतो? शेट दुसऱ्या टोकाला गेले. रोज छातीवर बाळ घेऊन बसायचे आणि उरलेल्या वेळात जिन्यात बसून इतरांच्या नातेवाइकांना राब समजावून सांगायचे. शेजारच्या पेटीत टिटवाळ्याच्या गोपीनाथची मुलगी होती. शेटनी त्याला बजावलं, "इंजेक्शन बंद करायला सांग. पोटातलं रान जळतंय." गोपीनाथ बिचारा घाबरून डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर संचिता त्या दिवशी पहिल्यांदा चिडल्या.

"आजोबा, तिच्या रक्तात जंतू सापडलाय. तिला पूर्ण कोर्स द्यायचाय, एक दिवसही कमी नाही. जिथे तण आहे तिथे भाजावंच लागतं. तुमच्या नातवाला नको होतं म्हणून सगळ्यांना नको असं नाही."

शेटनी कान पकडले. अक्षरशः, जिन्यात, सगळ्यांसमोर. मग गोपीनाथला जेवायला घेऊन गेले आणि त्याच्या ताटात काय पडलं ते सांगायला नको. ती मुलगी पूर्ण औषध घेऊन बरी झाली आणि आधी घरी गेली.

नातवाची पाचवी घरी झाली ती त्याच्या झबल्याला हळदकुंकू लावून. तो स्वतः घरी यायला पुष्कळ आठवडे गेले. दूध नळीने, मग चमच्याने, मग आईच्या अंगावर. दर्शना चालू-फिरू लागल्यावर ती आणि शेट आळीपाळीने बसायचे. समोरासमोर खुर्च्या, मध्ये ते बाळ एकाच्या छातीवरून दुसरीच्या छातीवर. सासरा आणि सून एवढा वेळ एका खोलीत याआधी कधी बसले नव्हते. शेट बोलायचे, ती ऐकायची. मध्येच हसायची.

घरी जायच्या दिवशी डॉक्टर संचितांनी बाळाला शेवटचं तपासलं आणि सांगितलं, छान आहे. शेटनी चेन घातल्या नव्हत्या. त्या बँकेत गेल्या होत्या, कारण रोज काढायचा-घालायचा कंटाळा आला होता. ते डॉक्टरांपुढे उभे राहिले आणि खूप दिवस मनात असलेलं विचारलं, "मॅडम, मी त्या दिवशी नेला असता तं?"

"सांगता येत नाही आजोबा," डॉक्टर म्हणाल्या. "कदाचित तिथल्या डॉक्टरांनीही बंदच केलं असतं. कदाचित रस्त्यात त्रास झाला असता. पण तुम्ही नेलं नाहीत. तुम्ही ठरवलंत ते बरं झालं."

शेटची छाती फुगली. ते गाडीत जाऊन बसले. शेजारी दर्शना, तिच्या मांडीवर बाळ. कमलेशने गाडी सुरू केली, पत्रीपूल मागे पडला, आणि शेट पुन्हा म्हणाले, "बरं झाला मी ठरवला."

"बाबा," दर्शना म्हणाली, "एक सांगू?"

"सांग ना."

"मी तुम्हाला नेऊ दिलंच नसतं. डॉक्टरांना मी त्या सकाळीच सांगून ठेवलं होतं, मी आई आहे, मी हो म्हणणार नाही." मग तिने बाळाच्या टोपीची नाडी सारखी केली. "पण तुमच्याशी भांडायचं नव्हतं. म्हणून ऑड्री सिस्टरना म्हटलं, बाबांना छातीवर बाळ द्या. ते एकदा बसले की उठणार नाहीत."

कमलेश आरशातून मागे बघत होता, बापाचा आवाज आता चढणार म्हणून. पुढच्या सीटवर तुळसाबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

शेटनी सुनेकडे नीट पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच पाहावं तसं. मग त्यांनी बाळाकडे पाहिलं आणि मोठ्याने, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोऱ्या, तुजी आय हाय ना, तिला इचारल्याबिगर ह्या घरान आता पानबी हलनार नाय."

"हो बाबा," दर्शना म्हणाली.